रक्ताविना भीती

रक्ताचा थेंबही न दाखवता अंगावर काटा आणणारे जुने भयपट अंधार आणि आवाज या दोन गोष्टींवर उभे असतात. घरच्या टीव्हीवर ते फसतात तेही नेमके याच दोन ठिकाणी.

१९४९ चा ‘महल’ हे याचे उत्तम उदाहरण. बॉम्बे टॉकीजचा हा चित्रपट कमाल अमरोही यांचे पहिले दिग्दर्शन. जुन्या वाड्यात राहायला आलेल्या नायकाला तिथल्या तसबिरीत स्वतःसारखाच चेहरा दिसतो, आणि पुढे मधुबाला दिसते, दिसेनाशी होते. (रहस्य इथे फोडण्यात अर्थ नाही.) जर्मन छायालेखक योझेफ विर्शिंग यांनी पडद्याचा बराचसा भाग काळोखातच ठेवला. खेमचंद प्रकाश यांच्या गाजलेल्या गाण्याच्या ध्वनिमुद्रणात लता मंगेशकर मायक्रोफोनपासून लांब उभ्या राहिल्या आणि गात गात जवळ आल्या. आवाज वाड्यात फिरतो आहे असे वाटते ते त्यामुळे. सुरुवातीच्या तबकडीवर गायिकेचे नाव होते ‘कामिनी’, म्हणजे पडद्यावरच्या पात्राचे!

मराठीत वसंत जोगळेकरांचा ‘हा खेळ सावल्यांचा’ (१९७६) याच वाटेने जातो. आशा काळे आणि काशिनाथ घाणेकर यांच्या या चित्रपटातल्या एका गाण्यावरूनच पुढे ‘रात्रीस खेळ चाले’ या मालिकेला नाव मिळाले.

हॉलिवूडच्या ‘कॅट पीपल’मध्ये (१९४२) एक बाई रात्री निर्जन रस्त्याने चालते. मागे पावले वाजतात, मग वाजेनाशी होतात. ती घाबरून थांबते, कानाशी फिस्स असा आवाज होतो आणि पडद्यावर येते ती साधी बस. पाठलाग करणारे हिंस्र जनावर जवळजवळ दिसतच नाही. तरी हा प्रसंग पुढच्या कितीतरी भयपटांनी उचलला.

वाळूज-बजाजनगरच्या कामगार वस्तीतल्या दोन खोल्यांच्या घरात असा चित्रपट लावायचा तर आधी ट्यूबलाइट बंद करावी. टीव्हीच्या काचेवर तिचा उजेड पडला की काळ्या भागातले सगळे पुसले जाते. टीव्हीचा भडक रंगांचा मोड काळ्याचा राखाडी करतो, तोही बदलावा. जुनी चौकोनी चौकट ताणून पडदा भरू नये, कडेच्या काळ्या पट्ट्या राहू द्याव्यात. नाहीतर मधुबालाचा चेहरा रुंद दिसतो, आणि तो अपराधच. पंखा, कुकर, रस्त्यावरून जाणारी कंपनीची बस यांच्या गोंगाटात कुजबुज ऐकू येत नाही, म्हणून हेडफोन बरा. मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवावा. रक्तपात नसला तरी लहान मुलांना बसवू नये. न दिसलेले भूत त्यांना जास्त छळते.

‘महल’ला पावणेतीन तासांच्या आसपास लागतात, त्यामुळे तो सुट्टीच्या रात्रीसाठी राखावा. ‘कॅट पीपल’ ७३ मिनिटांचा आहे. दुसऱ्या दिवशी पहिली पाळी असली तरी जेवणानंतर आरामात बघून होतो.