न गोठणारे रक्त

'रक्त पातळ करणारी गोळी' असे आपण म्हणतो. खरे तर या गोळीने रक्त पाण्यासारखे पातळ होत नाही. ते गोठायला वेळ लागतो, इतकेच. हे कसे घडते?

१९२०च्या दशकात उत्तर अमेरिकेत बुरशी लागलेला 'स्वीट क्लोव्हर' चारा खाऊन गुरे रक्तस्रावाने मरू लागली. १९३३ साली विस्कॉन्सिनमधील एका शेतकऱ्याने असे न गोठणारे रक्त कार्ल पॉल लिंक यांच्या प्रयोगशाळेत आणले. त्या शोधातूनच पुढे वॉरफरिन निघाले. १९४८ मध्ये ते आले उंदरांचे विष म्हणून. १९५४ मध्ये तेच माणसांचे औषध ठरले!

रक्त गोठवणारी काही प्रथिने यकृतात तयार होताना 'के' जीवनसत्त्व लागते. वापरून झालेले हे जीवनसत्त्व पुन्हा कामाला येण्यात वॉरफरिन अडथळा आणते. आधीची प्रथिने रक्तात शिल्लक असतात, म्हणून पूर्ण परिणाम दिसायला काही दिवस जातात. साहजिकच चुकलेल्या गोळीची भरपाई दुसऱ्या दिवशी दोन घेऊन करू नये.

हा प्रश्न केवळ म्हाताऱ्यांचा नाही. संधिवाताच्या तापाने हृदयाची झडप बिघडून यांत्रिक झडप बसवलेला विद्यार्थी आपल्याही वर्गात असू शकतो. झडपेवर गुठळी होऊ नये म्हणून त्याला ही गोळी कायम घ्यावी लागते. 'आयएनआर' तपासणीचा आकडा एरवी १ च्या आसपास असतो. गोळी घेणाऱ्यांत तो बहुधा २ ते ३, काही झडपांसाठी थोडा जास्त ठेवतात. फार वाढला तर रक्तस्राव, फार घटला तर गुठळी.

हिरड्यांतून रक्त येणे, मार न लागता काळेनिळे डाग पडणे ही सूचना समजून डॉक्टरांना कळवावे. डांबरासारखे काळे शौच, लाल लघवी, रक्ताची उलटी किंवा दहा मिनिटे घट्ट दाबूनही न थांबणारे रक्त दिसल्यास तडक रुग्णालय गाठावे. डोक्याला मार लागला तर जखम नसली, मूल हसतखेळत असले तरीही! रक्त आत साचत असू शकते.

अंगदुखीसाठी अॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन परस्पर देऊ नये. पालेभाज्यांत 'के' जीवनसत्त्व भरपूर असते. त्या बंद करायच्या नाहीत, रोजचे प्रमाण सारखे ठेवायचे. आणि भीतीपोटी गोळी मनानेच थांबवणेही तितकेच घातक: गुठळी मेंदूत गेली तर पक्षाघात होतो.

अशा विद्यार्थ्याच्या औषधाचे नाव आणि पालकांचा फोन नंबर आपल्या हजेरीपटात लिहून ठेवू या. खेळाच्या तासाला तो उपयोगी पडेल.