विश्लेषण : पाणमांजर दिसत नाही, मग त्याची नोंद कशी घेतात?

मध्य प्रदेशातील सातपुडा व्याघ्र प्रकल्पात युरेशियन पाणमांजर कॅमेरा ट्रॅपमध्ये टिपले गेल्याचे २०१६ मध्ये जाहीर झाले. याच पर्वतरांगेचे पश्चिमेकडचे डोंगर नंदुरबार जिल्ह्यात आहेत. उत्तर सीमेवर नर्मदा, दक्षिणेकडे तापी. अशा नद्यांवर पाणमांजराचा माग काढण्याचे काम सामान्य माणूसही शिकू शकतो. मात्र प्राणी पाहायला मिळेल या आशेने येणाऱ्यांचा पहिल्याच दिवशी हिरमोड होतो. कारण शोधायची असते ती विष्ठा.

पाणमांजर धोक्यात का?

भारतात याच्या तीन प्रजाती आहेत : स्मूथ कोटेड, लहान नखीचे आणि युरेशियन. पहिल्या दोन आययूसीएनच्या यादीत ‘असुरक्षित’ गटात आहेत. कातडीसाठी शिकार, वाळूउपसा, नदीचे प्रदूषण आणि माशांवरून मच्छीमारांशी होणारा संघर्ष ही प्रमुख कारणे. ऑगस्ट २०१९ मध्ये या दोन्ही प्रजाती ‘साइट्स’ कराराच्या परिशिष्ट १ मध्ये गेल्या आणि त्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी आली.

स्वयंसेवक नेमके काय शिकतात?

गोव्यात मांडवी नदीतील चोडण बेटावर ‘वाइल्ड ऑटर्स’ ही संस्था पाणमांजरांचा अभ्यास करते. खारफुटी आणि खाजण शेतीच्या बांधांचा हा परिसर. संस्थेच्या कामात इंटर्न आणि स्वयंसेवकही असतात.

पाणमांजरे ठरावीक जागी पुन्हा पुन्हा विष्ठा टाकतात. खडक, वाळूचा उंचवटा, बांध या त्यांच्या आवडत्या जागा. ताजी विष्ठा ओलसर असते आणि तिला माशांचा उग्र वास येतो. वाळल्यावर खवले, काटे, खेकड्याच्या कवचाचे तुकडे उघडे पडतात. पाऊलखुणेत पाच बोटे आणि मऊ चिखलात कधी बोटांमधल्या पडद्याची पुसट रेघ दिसते. कुत्र्याच्या आणि कोल्ह्याच्या ठशात चारच बोटे उमटतात. मुंगसाची बोटे मात्र पाच, त्यामुळे फोटोत मोजपट्टी हवीच. ती नसेल तर दहा रुपयांचे नाणे ठेवावे, त्याचा व्यास २७ मिलिमीटर असतो.

गावात विचारपूस करतानाही जपावे लागते. पाणमांजराला काही भागांत ऊद किंवा हुदाळे म्हणतात, पण उदमांजर हा झाडावर चढणारा वेगळाच प्राणी. म्हणून आधी फोटो दाखवायचा, मग प्रश्न.

खूण सापडली नाही म्हणजे प्राणी नाही?

सगळ्यात अवघड धडा हाच. युरेशियन पाणमांजराच्या प्रमाणित सर्वेक्षणात एका ठिकाणी किनाऱ्याचा सहाशे मीटरचा पट्टा तपासतात. समजा, प्राणी तिथे आहे आणि एका फेरीत खूण सापडण्याची शक्यता निम्मी आहे. मग एका फेरीवरून ‘नाही’ लिहिले तर निम्म्या वेळा चूक होईल. स्वतंत्र तीन फेऱ्या केल्या तर ही चूक आठपैकी एका वेळेवर येते. त्यामुळे रिकाम्या हाताने परतलेली फेरीही तारीख, वेळ, अंतर घालून नोंदवायची. नवशिके नेमकी तीच गाळतात आणि मग पूर्ण नकाशा फसवा होतो.

उलट चूकही होते. दहा ठिकाणी विष्ठा म्हणजे दहा पाणमांजरे, असा हिशेब चालत नाही. स्मूथ कोटेड पाणमांजरे कुटुंबाने राहतात आणि एकच कळप अनेक जागा वापरतो.

तापी-नर्मदेवर काय अडचण?

सारंगखेडा आणि प्रकाशा येथे तापीवर बॅरेज आहेत, तर जिल्ह्याच्या नर्मदाकाठी सरदार सरोवराचे पाणी पसरते. पाणी चढले की काठावरच्या खुणा पुसल्या जातात. पावसाळ्यात तर काहीच टिकत नाही. त्यामुळे पाऊस ओसरल्यानंतर, पातळी काही दिवस स्थिर राहिलेली पाहून निघावे लागते. सोबत स्थानिक मच्छीमार असलेला बरा, घसरड्या काठावर आणि खोल पाण्याजवळ एकट्याने जाऊ नये.

सापडलेल्या जागेचे लोकेशन समाजमाध्यमांवर टाकू नये. ते शिकाऱ्यालाही दिसते.