संगणक-सुरक्षेतील रजनीकांत

संगणक-सुरक्षा हा विषय इतका रूक्ष समजला जातो की त्यातील एखाद्या तज्ज्ञाच्या नावाने विनोदांची मालिका जन्माला यावी, हेच मुळात नवल. पण अमेरिकेतील ब्रूस श्नायर यांच्या वाट्याला हा मान आला आहे. आपल्याकडे रजनीकांतच्या अचाट पराक्रमांचे किस्से फिरतात, तसे अमेरिकेत अभिनेता चक नॉरिस याच्या नावाने फिरत असत आणि संगणकवाल्यांनी त्याच धर्तीवर श्नायर यांचे पोवाडे रचले. अशाच एका विनोदानुसार ॲलिस आणि बॉब यांचे आपसांतील गुपितही श्नायर यांना ठाऊक असते. ॲलिस व बॉब म्हणजे, तिऱ्हाइताला सुगावा न लागता दोघांनी संदेश कसे धाडावेत हे समजावताना कूटलेखनाच्या ग्रंथांत हमखास येणारी काल्पनिक पात्रे. गंमत अशी की विनोदांनी ज्यांना अजिंक्य ठरवले, त्या श्नायर यांचे सारे सांगणे नेमके याच्या उलट आहे.

१९६३ मध्ये न्यूयॉर्क येथे जन्मलेले श्नायर मूळचे भौतिकशास्त्राचे पदवीधर. ‘अप्लाइड क्रिप्टोग्राफी’ या ग्रंथाने त्यांचे नाव सर्वदूर झाले. कूटलेखन, म्हणजे योग्य किल्ली जवळ असणाऱ्यालाच वाचता येईल अशा रूपात मजकूर बदलण्याचे शास्त्र, त्या काळी सर्वसामान्य प्रोग्रामरला सहज उपलब्ध नव्हते, आणि अमेरिकी निर्यात-नियमांत तर भक्कम कूटलेखनाच्या सॉफ्टवेअरची गणना युद्धसामग्रीत होत असे. या नियमांचा कस पाहण्यासाठी फिल कार्न या अभियंत्याने १९९४ मध्ये सरकारकडे विचारणा केली, तेव्हा श्नायर यांचा छापील ग्रंथ देशाबाहेर नेण्यास हरकत नसल्याचे उत्तर आले. मात्र त्याच ग्रंथात छापलेले प्रोग्राम फ्लॉपीवर घालून नेण्यास मनाई झाली. कागदावरची अक्षरे पाहून पुन्हा टंकलिहिण्याइतका उद्योग परदेशी माणसाला जमणार नाही, असा बहुधा सरकारचा समज असावा.

त्याआधी, १९९३ मध्ये, श्नायर यांनी ‘ब्लोफिश’ ही कूटपद्धती रचली आणि पेटंट न घेता ती सर्वांना मोफत वापरू दिली. तिच्यातील आरंभीचे आकडे त्यांनी ‘पाय’ या गणिती स्थिरांकाच्या अपूर्णांकी भागातून घेतले. पायचे अंक जगजाहीर असल्याने, रचनाकाराने आकडे सोयीने निवडून आत स्वतःपुरती चोरवाट ठेवली असेल, अशी शंका घेण्यास जागा उरत नाही. या पद्धतीत नवी किल्ली बसवताना बरीच आकडेमोड करावी लागते, आणि हे संथपण एरवी दोषच म्हणावे लागेल. परंतु १९९९ मध्ये नील्स प्रोव्होस व डेव्हिड माझिएरेस यांनी त्याचाच लाभ उठवून पासवर्ड जपण्यासाठी ‘बीक्रिप्ट’ ही पद्धत तयार केली, कारण एकेक पासवर्ड तपासायला जितका वेळ लागेल, तितके अंदाजाने पासवर्ड हुडकणाऱ्या चोराचे काम जड होते.

श्नायर यांचा खरा मोठेपणा मात्र यापुढचा आहे. भक्कम गणित असले की गुपिते सुरक्षित राहतील, ही स्वतःच्याच ग्रंथाने रुजवलेली श्रद्धा त्यांनी २००० सालच्या ‘सीक्रेट्स अँड लाइज’ या पुस्तकात उघडपणे मोडीत काढली आणि गणित शाबूत असतानाही सदोष सॉफ्टवेअर, ढिला कारभार व चुकणारी माणसे यांच्यामुळे सुरक्षा कशी कोसळते, हे दाखवून दिले. लोकांना निर्धास्त वाटावे, पण धोका फारसा घटू नये, अशा उपायांना त्यांनी ‘सुरक्षेचे नाटक’ म्हटले, आणि विमानतळांवरील तपासणीच्या चर्चेत तो शब्दप्रयोग रूढ झाला. २००६ मध्ये तर त्यांनी सिनेमात शोभेल असा अतर्क्य दहशतवादी कट रचण्याची स्पर्धाच जाहीर केली; ठरावीक कल्पित प्रसंगांवर पहारे बसवत राहणाऱ्या धोरणाची याहून नेमकी टिंगल क्वचितच झाली असेल. याच गृहस्थांनी पत्नीसह लिहिलेली उपाहारगृहांची एक मार्गदर्शिका विज्ञानकथाविश्वातील ह्यूगो पुरस्काराच्या नामांकनापर्यंत पोहोचली होती, हेही जाता जाता नोंदवायला हवे.

आपल्याला स्वतःला फोडता येणार नाही अशी कूटपद्धती कोणीही, अगदी नवशिकासुद्धा, रचू शकतो, म्हणून तिची परीक्षा इतरांनीच घ्यायची असते, हे त्यांचे १९९८ मधील निरीक्षण आज ‘श्नायरचा नियम’ म्हणून ओळखले जाते. नील स्टीफन्सन यांच्या १९९९ च्या ‘क्रिप्टोनॉमिकॉन’ या कादंबरीसाठी श्नायर यांनी ‘सॉलिटेअर’ ही पद्धत तयार केली, तीत जोकर धरून ५४ पत्त्यांच्या कॅटमधील पत्त्यांचा क्रम हीच किल्ली असते, जेणेकरून हेराच्या खिशात संशयास्पद असे काही सापडू नये. पॉल क्राउली यांनी तिची तपासणी केली, तेव्हा लागोपाठ तेच अक्षर येण्याचा प्रसंग २६ मध्ये एकदा घडायला हवा असताना सुमारे साडेबावीसमध्ये एकदा घडतो, असे आढळले. म्हणजे श्नायर यांचा नियम खुद्द श्नायर यांनाही लागू पडला.