गढूळ पाण्याचे माप आवाजाने कसे घेतात?



विजेचे बिल वाटून घेताना पहिला प्रश्न येतो, 'पाणी नेमके किती आले?' मागे एका उपसा योजनेवर यावरूनच पाळ्या बंद पडायची वेळ आली होती. ऑगस्टात पावसाने ताण दिला, म्हणून नदीवरची मोटार चालू केली. पाणी चहासारखे गढूळ. पाईपवरचे मीटर मात्र मध्येच शून्य दाखवी. टोकाकडचे शेतकरी म्हणाले, ऑपरेटर मोटार बंद ठेवतो. त्याला काढायचा ठरावही लिहून तयार झाला. मी म्हटले, आधी पाणी मोजू. 10,000 लिटरचा हौद 10 मिनिटांच्या आत भरला. ऑपरेटर खरा होता. मीटर त्या पाण्याजोगे नव्हते.

ते मीटर स्वच्छ पाण्याचे होते. त्यात आवाज एकदा प्रवाहाबरोबर व एकदा उलट सोडतात. बरोबर जाणारा लवकर पोचतो, उलट जाणारा उशिरा. या फरकावरून वेग निघतो. पण गाळाने आवाज विखुरला तर तो पलीकडे पोचतच नाही.

गढूळ पाण्याला डॉप्लर मीटर लागते. रेल्वे फाटकावर उभे राहा. शिटी देत येणाऱ्या गाडीचा आवाज बारीक लागतो, निघून जाताना जाड होतो. हे तत्त्व ऑस्ट्रियाच्या ख्रिश्चन डॉप्लर यांनी 1842 साली मांडले. मीटर पाण्यात कानाला न ऐकू येणारा आवाज सोडते. तो गाळाच्या कणांवर किंवा बुडबुड्यांवर आपटून परत येतो आणि कणांच्या वेगाप्रमाणे बदललेला असतो. म्हणजे जो गाळ तिथे अडचण, तोच इथे कामाचा. उलट, हिवाळ्यात नदी निवळली की हेच मीटर अडखळते. काही मीटरांत दोन्ही सोयी असतात. घेताना तसे विचारावे.

नदीचे मापही याच तत्त्वाने घेता येते. नावेवरचे यंत्र एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत नेतात व निरनिराळ्या खोलीचा वेग टिपतात. आपल्याकडे वैनगंगेवर आष्टी आणि प्राणहितेवर टेकडा येथे केंद्रीय जल आयोगाची मापन केंद्रे आहेत.

आता हिशेब. 6 इंची पाईपात पाण्याचा वेग सेकंदाला 1 मीटर असेल, तर सेकंदाला सुमारे 18 लिटर, तासाला सुमारे 65,000 लिटर पाणी येते. एक एकर उसाला 3 इंच पाणी द्यायचे म्हणजे सुमारे 3,08,000 लिटर. वाटेत गळती नसेल, तर पावणेपाच तास पुरतात.

मीटर बसवताना ध्यानात ठेवावे :
1. पाईप पूर्ण भरून वाहिला पाहिजे.
2. मीटरच्या अलीकडे पाईपच्या व्यासाच्या दहापट व पलीकडे पाचपट सरळ लांबी ठेवावी. 6 इंचीला 5 फूट व अडीच फूट.
3. मीटर पाईपच्या कुशीला लावावे. वर हवा साठते, तळाशी गाळ.
4. मीटर व पाईप यांच्यामध्ये ग्रीस भरावे. फट राहिली तर आवाज आत जात नाही.
5. तळाशी गाळ बसला तर पाण्याची वाट अरुंद होते, पण मीटर पूर्ण पाईप धरून जास्त पाणी दाखवते. म्हणून पाईप धुऊन घ्यावा.

आणि हंगामात एकदा तरी हौद भरून पडताळा घ्यावा. मीटर चुकू शकते. त्यापायी माणसावर आळ येऊ नये.

— ऊस विकास अधिकारी