सहा मिलिमीटरांचा मामला

१९९० साली जपानच्या होंडा कंपनीने एनएसएक्स नावाची जी मोटार विक्रीस आणली, तिच्या त्या काळी झालेल्या स्तुतीत अतिशयोक्ती फारशी नव्हती. कारण ज्या वर्गातील वाहन बाळगणे म्हणजे मालकाच्या सहनशीलतेची परीक्षा असे जवळजवळ गृहीतच धरले जात असे, त्या वर्गात ॲल्युमिनियमचा सांगाडा, आसनांच्या पाठीशी बसवलेले ३ लिटरचे सहा सिलिंडरांचे इंजिन आणि मिनिटाला ८,००० फेऱ्यांपर्यंत बिनतक्रार चढणारी त्याची गती, असा ऐवज घेऊन आलेली ही मोटार रोज कचेरीला नेता यावी इतकी सुस्वभावीही होती. तिच्या घडणीच्या काळात आयर्टन सेना या शर्यतपटूने सुझुकाच्या शर्यतमार्गावर तिचा नमुना चालवून पाहिला, सांगाडा अधिक ताठ हवा असा अभिप्राय दिला, आणि कंपनीने तो मानला. तथापि अमेरिकेत, जेथे ती अॅक्युरा या नावाने विकली गेली, मालकांकडून एक तक्रार लवकरच येऊ लागली: मागचे टायर काही हजार मैलांतच संपतात, आणि संपतात तेही आतल्या कडेने. बाजूला उभे राहून पाहणाऱ्यास नक्षी शाबूत दिसे; गाडी उचलून खालून पाहावे तो आतल्या काठाच्या तारा उघड्या पडलेल्या.

चाक ताठ उभे असते आणि नाकासमोर पाहते हा आपला समज वस्तुस्थितीस धरून नाही. समोरून पाहिले असता चाकाचा माथा आत किंवा बाहेर झुकलेला असतो, त्या झुकावास कॅम्बर म्हणतात. माथा आत झुकला की तो ऋण. वरून पाहिले असता एकाच आसावरील दोन चाके परस्परांना अगदी समांतर क्वचितच आढळतात. त्यांच्या पुढच्या कडांमधील अंतर मागच्या कडांमधील अंतरापेक्षा कमी असेल तर तो टो-इन, अधिक असेल तर टो-आउट. कास्टर म्हणून तिसरा एक कोन आहे, परंतु तो मुख्यत्वे स्टीअरिंगच्या वळणास व सरळ येण्यास जबाबदार असून टायरच्या झिजेशी त्याचा संबंध बेताचाच आहे, सबब त्याला येथेच रजा देतो.

टायर आतून खाल्ला गेला की फिर्याद प्रथम कॅम्बरवर गुदरली जाते. कारण उघड आहे: झुकलेले चाक आतल्या काठावर अधिक भार घेते, आणि झीजही तिथेच दिसते, तेव्हा गुन्हेगार जागेवरच सापडला असे वाटते. वेगवान मोटारींना ऋण कॅम्बर मुद्दाम दिलेला असतो, कारण वळणावर अंग बाहेर कलू लागले की बाहेरचे, म्हणजे सर्वाधिक भार सोसणारे चाक त्या कॅम्बरमुळे रस्त्यावर पुरते बसते. परंतु एक-दीड अंशाचा कॅम्बर एकटा असेल तर टायरला फार सावकाश खातो, आणि काही हजार मैलांत त्याचा निकाल लावण्याइतकी शक्ती त्याच्या अंगी नसते. ती टोच्या अंगी असते, हे हिशोब मांडल्यावर ध्यानात येते.

एनएसएक्सच्या पहिल्या दोन वर्षांच्या गाड्यांना मागच्या चाकांचा टो-इन ६ मिलिमीटर मुक्रर केलेला होता. हे माप दोन चाकांचे मिळून; एकेकाच्या वाट्यास ३. मागच्या टायरचा व्यास सुमारे ६३० मिलिमीटर, आणि माप त्या व्यासावर घेतले असे धरले, तर चाक ज्या दिशेने तोंड करून आहे ती दिशा व गाडी ज्या दिशेने जाते आहे ती दिशा यांत हजारास पावणेपाच इतका फरक पडतो. म्हणजे दर किलोमीटरला ते चाक पावणेपाच मीटर आत सरकू पाहते, गाडी त्याला सरकू देत नाही, आणि तेवढे अंतर रबर रस्त्यावर आडवे घासले जाते. १०,००० किलोमीटरांत ही रक्कम ४७ किलोमीटरांच्या घरात जाते. आता या घासण्यास कॅम्बरची जोड मिळाली म्हणजे काय घडते ते पाहावे. किती रबर जायचे हे टो ठरवतो आणि ते कोठून जायचे हे कॅम्बर. टो-इनने एरवी बाहेरचा काठ झिजायचा, पण भारच आतल्या काठावर एकवटलेला असल्याने सारी वसुली तेथून होते, आणि दोष मात्र कॅम्बरच्या माथी बसतो.

मग कंपनीच्या अभियंत्यांना हे कळत नव्हते काय? कळत असणारच. ज्या गाडीचे इंजिन मागे आणि निम्म्याहून अधिक वजन मागच्या आसावर, तिच्या चालकाने वेगात वळण घेताना घाबरून ॲक्सिलरेटरवरचा पाय एकाएकी काढला, तर भार पुढे सरकतो, मागच्या चाकांची पकड सैल होते आणि गाडीची शेपूट बाहेर निघू पाहते; अशा क्षणी बाहेरचे मागचे चाक आधीपासूनच वळणाच्या आतल्या बाजूस तोंड करून असेल तर ते शेपटीला आवरून धरते. चालकाच्या प्राणाची हमी टायरच्या आयुष्यातून वसूल केलेली होती, आणि माझ्या मते हा सौदा अप्रामाणिक नव्हता. तो खरेदीदाराला आधी स्पष्ट करून सांगायला हवा होता, एवढेच.

त्यातून टायर अदलाबदल करून झीज वाटून घेण्याचा नित्याचा उपायही येथे बंद होता, कारण पुढे १५ इंची चाकावर २०५ मिलिमीटर रुंदीचा टायर तर मागे १६ इंची चाकावर २२५ चा. पकड अधिक हवी म्हणून रबरही मऊ.

पुढे १९९३ पासून टो-इन ६ वरून ४ मिलिमीटरांवर आणण्यात आला. घट एकतृतीयांशाची दिसते, परंतु आडवे घासणे कोनाच्या प्रमाणात आणि त्या घासण्यास विरोध करणारा जोरही कोनाच्याच प्रमाणात, असे असल्यामुळे त्यात खर्ची पडणारी शक्ती कोनाच्या वर्गाच्या हिशोबाने कमी होते. म्हणजे ६ चे ४ झाले की टोपायी होणारी नासधूस निम्म्याच्याही खाली येते. दोन मिलिमीटर म्हणजे आठ-दहा पोस्टकार्डांची जाडी. तेवढ्यावर एका टायरचे अर्धे आयुष्य अवलंबून असावे, यात यंत्रशास्त्राचा एक प्रकारचा निष्ठुरपणाच दिसतो.

टोचा दोष डोळ्यांआधी तळहाताला कळतो. नक्षीवरून हात आडवा फिरवावा. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने माशाच्या खवल्यांसारखे खरखरीत लागले तर टो बिघडला आहे असे खुशाल समजावे. केवळ मध्यभाग झिजला असेल तर हवा जास्त, दोन्ही काठ झिजले असतील तर हवा कमी, आणि ठिकठिकाणी खोलगट डाग पडले असतील तर शॉक ॲबसॉर्बर थकलेले किंवा चाकाचे बॅलन्सिंग बिघडलेले. अनेक लोक बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट एकच समजतात व एक करून घेऊन दुसऱ्याचे पैसे वाचले अशा समाधानात घरी जातात.

हौसेखातर स्प्रिंगा बदलून गाडी खाली बसवणाऱ्यांची गत याहून कठीण. गाडी बसली की कॅम्बर ऋणाकडे जातो आणि त्यासरशी टोही हलतो. मालक कॅम्बर दुरुस्त करण्याचे महागडे सुटे भाग आणतो, टोकडे मात्र बघत नाही, आणि टायर पूर्ववत जातात. रबरी बुश जुने झाले असतील तर उभ्या गाडीवर घेतलेले माप चालत्या गाडीत टिकतही नाही. म्हणून आधी हवा, मग बुश आणि सांधे, आणि त्यानंतर माप, हा क्रम सोडू नये.

आपल्याकडील बहुतेक लहान मोटारींत मागचा आस एकसंध असून तेथे जुळवून घेण्याजोगे काही नसतेच, त्यामुळे अलाइनमेंट म्हणजे पुढच्या दोन चाकांचा टो, असा गॅरेजांचा परिपाठ पडला आहे. ज्या गाडीची मागची चाके स्वतंत्र आहेत तिच्या बाबतीत हा परिपाठ घातक ठरतो. कारण मागच्या दोन चाकांचा टो असमान असेल तर गाडी तिरपी चालते, स्टीअरिंग वाकडे राहते, आणि पुढची चाके जुळवून स्टीअरिंग सरळ केले की रोग तसाच राहून लक्षण तेवढे झाकले जाते. तेव्हा अशा गाडीची मागची चाके आधी जुळवून घ्यावीत, पुढची नंतर. आणि यंत्राच्या पडद्यावर आकडे हिरवे झाले एवढ्यावर भागवू नये. कारखान्याने दिलेली सूट मिलिमीटरभराचीही असू शकते, आणि त्या सुटीच्या एका टोकाचा आकडा व दुसऱ्या टोकाचा आकडा हे दोन्ही हिरवेच दिसतात; म्हणून दुरुस्तीपूर्वीचा आणि नंतरचा असे दोन्ही छापील कागद मागून घ्यावेत, आणि डाव्या-उजव्या चाकांचे आकडे शेजारी ठेवून वाचावेत.