पाकिटातल्या जिवाणूंची वाटचाल

हरभऱ्याचा, भुईमुगाचा बेवड चांगला, त्यावर पुढचं पीक जोमात येतं, हे आपल्या शेतकऱ्याला कुणी शिकवावं लागलं नाही. त्यामागचं कारण मात्र 1888 मध्ये स्पष्ट झालं. हेलरीगेल आणि विलफार्थ या जर्मन शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं की, शेंगवर्गीय पिकांच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नत्र पिकाला मिळवून देतात. त्याच वर्षी हॉलंडमध्ये बायरिंक यांनी हे जिवाणू वेगळे काढले. 1896 मध्ये नोब आणि हिल्टनर यांनी ते ‘नायट्रॅजिन’ या नावाने बाजारातही आणले. आपल्याकडे पुसा इथल्या एन. व्ही. जोशी यांचा या गाठींवरचा अभ्यास 1920 चा, आणि या जिवाणूंचं, म्हणजे रायझोबियमचं, व्यापारी उत्पादन 1956 पासूनचं.

म्हणजे शोध जुना, उत्पादनही जुनं. तरी आपल्या बांधावर तो अजून अर्धामुर्धाच पोचला आहे, आणि मला याची खंत आहे. ब्राझीलमध्ये तो मुळापर्यंत पोचला.

तिथल्या बदलाचं मोठं श्रेय योहाना डोबेराइनर यांचं. 1924 मध्ये चेकोस्लोव्हाकियात जन्मलेल्या या बाई युद्धानंतर ब्राझीलला आल्या आणि रिओजवळच्या सेरोपेदिका इथे मातीतल्या जिवाणूंवर काम करू लागल्या. 1960 च्या दशकात तिथला सोयाबीन कार्यक्रम आखला जात होता, तेव्हा त्यांनी एक आग्रह धरला: वाणांची निवड करताना नत्रखत द्यायचंच नाही. जिवाणूंच्या जोरावर जो वाण वाढेल, तोच पुढे न्यायचा. हा निर्णय मला या सगळ्या इतिहासातला सर्वांत शहाणा वाटतो. आधी खतावर पोसलेला वाण तयार करायचा आणि मग त्याला जिवाणूंची सवय लावत बसायचं, ही उलटी वाट त्यांनी सुरुवातीलाच बंद केली. आज ब्राझीलचं सोयाबीन जवळजवळ नत्रखताविना पिकतं. तिथल्याच एम्ब्रापा संस्थेतल्या मारियांजेला हुंग्रिया यांना 2025 चं जागतिक अन्न पारितोषिक मिळालं, तेही याच जिवाणूंवरच्या कामासाठी.

सोयाबीन आपल्याकडेही पाहुणंच. महाराष्ट्रात आता ते 50 लाख हेक्टरांच्या आसपास पसरलं आहे. तूर-भुईमुगाच्या गाठींतले जिवाणू आपल्या मातीत पूर्वापार आहेत. सोयाबीनला चालणारे वेगळे, ते बियाण्याबरोबर द्यावे लागतात. म्हणून बीजप्रक्रिया. सव्वाशे ग्रॅम गूळ एक लिटर पाण्यात उकळायचा, पाणी पूर्ण थंड होऊ द्यायचं, त्यात जिवाणूंचं संवर्धक कालवायचं. 10 किलो बियाण्याला 250 ग्रॅमचं एक पाकीट. गुळाचं पाणी बेतानेच शिंपडायचं आणि हलक्या हाताने चोळायचं, कारण सोयाबीनची साल पातळ असते. जोर लावला की ती सुटते आणि उगवण मार खाते. मग सावलीत सुकवून लगेच पेरणी. बुरशीनाशक लावायचं असेल तर ते आधी, जिवाणू सगळ्यात शेवटी. घाईच्या जून महिन्यात, ढग भरून आलेले असताना, नेमकं हेच काम सुटतं.

फळ दिसतं ते पाच-सहा आठवड्यांनी. रोप ओढायचं नाही, खुरप्याने मातीसकट उचलायचं, मुळं पाण्यात धुवायची आणि गाठ नखाने फोडायची. आतून गुलाबी-लाल निघाली तर जिवाणू कामावर आहेत. हवेतला नत्र बांधणाऱ्या विकराला प्राणवायू सोसत नाही; तो आवरून धरणारं, आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या जातीचं एक प्रथिन गाठीत असतं, त्याचा तो रंग. आतून पांढरी किंवा हिरवी निघाली तर ती गाठ नावालाच. युरिया जास्त पडला की गाठी धरतच नाहीत; आयता नत्र मिळत असताना पीक जिवाणूंना आपली साखर कशाला देईल? आणि 45 किलोची युरियाची गोणी 266 रुपये 50 पैशांना मिळते, आठवड्याभरात रान हिरवंगार दिसतं. पाकिटातल्या पावडरीला एवढ्या स्वस्त स्पर्धकाशी झुंजावं लागतं.

उसाची गोष्ट आणखी अवघड, कारण तिथे दाखवायला गाठही नाही. उसाच्या कांडीत राहून नत्र बांधणारा जिवाणू 1988 मध्ये जगासमोर आला, तोही डोबेराइनर आणि त्यांचे सहकारी काव्हाल्कांते यांच्या कामातून. आपल्या ऊस उत्पादकाला तो ॲसिटोबॅक्टर म्हणून ठाऊक आहे. 100 लिटर पाण्यात 10 किलो ॲसिटोबॅक्टर आणि सव्वा किलो स्फुरद विरघळवणारे जिवाणू, त्यात बेणं अर्धा तास बुडवायचं: ही हेक्टरी शिफारस आता गावोगाव तोंडपाठ आहे. तिच्याबरोबर नत्राची मात्रा निम्म्यावर आणि स्फुरदाची पाऊणवर आणायलाही सांगितलेलं असतं. ते वाक्य मात्र फारसं कुणी पाळत नाही. खत पूर्ण आणि जिवाणू वर, असं चालतं. मग बचत व्हायची कुठून?

सरकारने 1983 मध्ये गाझियाबादला जैविक खतांचा राष्ट्रीय प्रकल्प सुरू केला. पण ही खतं खत नियंत्रण आदेशाखाली आली ती 2006 मध्ये. मधली तेवीस वर्षं पाकिटात जिवंत किती, हे कायद्याने विचारणारं कुणी नव्हतं, आणि शेतकऱ्याचा विश्वास याच काळात उडाला, असं माझं मत आहे. आता भुकटीत ग्रॅममागे किमान 5 कोटी आणि द्रवरूप संवर्धकात मिलीलिटरमागे 10 कोटी जिवंत जिवाणू हवेत. परभणीच्या कृषी विद्यापीठाचं ‘बायोमिक्स’ हे जैविक मिश्रण न्यायला हळद-आल्याचे शेतकरी लांबून येतात, ते त्या पाकिटावर भरवसा आहे म्हणून.

तरी मोजणी होते कारखान्याच्या दारात आणि जिवाणू मरतात पुढच्या प्रवासात. मे महिन्यात पत्र्याच्या गोदामात, औषधांच्या खोक्यांशेजारी रचलेल्या पाकिटात जूनपर्यंत काय उरणार? तालुक्याच्या कृषी सेवा केंद्रात एक साधा फ्रीज आणि नमुने तपासणाऱ्याने कारखान्याऐवजी त्या फळीवरून उचललेलं पाकीट, एवढ्या दोन गोष्टी अजून व्हायच्या आहेत. त्या होईपर्यंत विकत घेणाऱ्याने पाकिटावरची शेवटची तारीख आणि पिकाचं नाव वाचून, उन्हात ठेवलेलं पाकीट सरळ परत करावं.