गुहावासी रातकिडे : अधिवास, सवयी आणि वर्तन

प्रस्तावना :
पावसाळ्यात वडनेर भोलजी (जि. बुलढाणा) सारख्या गावात दिवेलागणीनंतर शेताच्या बांधावरून रातकिड्यांची किरकिर ऐकू येते. नर आपले पुढील पंख परस्परांवर घासून हा ध्वनी निर्माण करतो आणि मादी पुढील पायांवरील श्रवणेंद्रियांनी तो ऐकते. याच ऑर्थोप्टेरा गणातील ऱ्हॅफिडोफोरिडी कुलातील कीटकांना मात्र पंखही नसतात व ही श्रवणेंद्रियेही नसतात. हे कीटक ‘गुहावासी रातकिडे’ या नावाने ओळखले जातात.

शरीररचना व अधिवास :
या कीटकांची पाठ कुबडासारखी वाकलेली, मागील पाय लांब आणि शृंगिका शरीरापेक्षाही लांब असतात. अंधारात मार्ग, अन्न व जोडीदार शोधण्याचे कार्य स्पर्श आणि गंध यांच्या आधारे होते. ओलसर व थंड जागा त्यांना मानवतात. त्यामुळे गुहांप्रमाणेच कुजलेले ओंडके, दगडांच्या फटी व तळघरे येथेही ते आढळतात. संकट जाणवताच ते उंच उडी घेतात. मनुष्यास ते निरुपद्रवी आहेत.

वर्तन व परिसंस्थेतील स्थान :
गुहेत सूर्यप्रकाश पोहोचत नसल्याने हिरव्या वनस्पती वाढत नाहीत. अन्न बाहेरूनच यावे लागते. अमेरिकेतील केंटकी राज्यातील मॅमथ गुहेत हॅडेनीकस सबटेरेनिअस ही जाती हे कार्य करते. हे कीटक रात्री बाहेर पडून भरपूर अन्न ग्रहण करतात व गुहेत परतून अनेक दिवस ते पचवितात. त्यांच्या विष्ठेवर गुहेतील अनेक सूक्ष्म व लहान जीव जगतात. वाळूत घातलेली त्यांची अंडी निॲफिनॉप्स नावाचा भुंगेरा उकरून खातो. म्हणजेच एका कीटकावर अनेक जीवांची अन्नसाखळी अवलंबून आहे.

भारतातील उदाहरण :
छत्तीसगडमधील जगदलपूरनजीकच्या कांगेर घाटी राष्ट्रीय उद्यानात कोटुमसर ही चुनखडकाची गुहा आहे. तेथील केम्पिओला शंकरी या रातकिड्याचे शास्त्रीय वर्णन १९७७ मध्ये झाले. तो ऱ्हॅफिडोफोरिडी कुलातील नसून बांधावरील रातकिड्यांना अधिक जवळचा आहे. भिन्न वंशांतील कीटकांनीही गुहेचा आश्रय घेतल्याचे यावरून स्पष्ट होते. पावसाळ्यात पाणी शिरत असल्याने ही गुहा बंद ठेवली जाते. अन्य काळात तेथे पर्यटकांची वर्दळ असते.

निष्कर्ष :
गुहेतील जीवसृष्टी अल्प अन्नावर व स्थिर वातावरणावर टिकून असते. प्रखर दिवे, गोंगाट, टाकलेले खाद्यपदार्थ व पायांखाली तुडविली जाणारी माती यांमुळे हा समतोल बिघडू शकतो. रातकिडे नाहीसे झाल्यास त्यांच्यावर जगणारे जीवही संकटात येतील. म्हणून गुहांचे संवर्धन करताना शिल्पे व खडक यांच्याबरोबरच या मूक रहिवाशांचाही विचार होणे अगत्याचे आहे.